दोन्ही बाजूंनी लिहिलेली नावं

बाई,

तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, मला नावाने हाक मार. मला ते जमलं नाही. आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला कुणी नावाने हाक मारत नाही, आणि तुम्ही तर आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. आडनावाआधी मिसेस लावावं तर ते तुम्हाला आवडत नव्हतं. मग जवळजवळ दोन महिने मी तुम्हाला हाकच मारली नाही. तुमचं लक्ष जाईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, नाहीतर मुद्दाम चमचा वाजवायची. आज मराठीत लिहायला बसले आणि हाताने आपोआप 'बाई' असं लिहिलं. साताऱ्याच्या शाळेत आम्ही शिकवणाऱ्या सगळ्यांना बाईच म्हणायचो. तुम्ही मला वर्गात कधीच शिकवलं नाहीत, तरी हीच हाक बरोबर वाटते.

मागच्या महिन्यात आपल्या विद्यापीठातून मेल आला. तुम्ही जिथे अकरा वर्षं राहिलात त्या प्रेसिडेंटच्या घराच्या दिवाणखान्याला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. त्या निमित्ताने जुन्या विद्यार्थ्यांनी तुमच्याबद्दलच्या आठवणी पाठवाव्यात, दोनशे शब्दांच्या आत. मी जेवणाच्या सुट्टीत, इथे डब्लिनमधल्या ऑफिसात बसून, एकशे अठ्ठ्याण्णव शब्द लिहिले आणि पाठवले. त्यात तुमचा सफरचंदाचा केक आहे, पहिला बर्फ पडला तेव्हा तुम्ही मला अंगणात नेऊन उभं केलंत ते आहे, तुमची कामाची पद्धत आहे. घरी आल्यावर ते पुन्हा वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि तरी मला ते वाचवेना, कारण त्यातून मी एक रविवार काढून टाकला होता. तो लिहिण्यासाठी हे दुसरं पत्र. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा पाठवण्याचा प्रश्न नाही.

मी तेवीस वर्षांची होते. संख्याशास्त्राचं एम.एस. करायला अमेरिकेत आले होते. कॅम्पसवर तासावारी काम शोधताना नोटिस बोर्डावर चिठ्ठी दिसली, 'प्रेसिडेंटच्या घरी मदत हवी, हस्ताक्षर चांगलं असावं.' फोनवर आईला सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, "म्हणजे धुणीभांडी का गं?" मी म्हटलं, नाही, पत्रं लिहायची. प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू. बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं की मुलगी अमेरिकेत कुलगुरूंची सेक्रेटरी झाली. सेक्रेटरी मी त्यांची नव्हते, तुमची होते. पण कुलगुरूंच्या बायकोला सेक्रेटरी कशाला लागते, हे त्यांना समजावून सांगणं अवघड होतं. मलाही ते कळायला वेळ लागला.

तुम्ही मला मुलाखतीचे प्रश्न विचारलेच नाहीत. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी बसवलंत, शाईचं पेन दिलंत आणि दहा नावं लिहायला सांगितलीत. मी लिहितेय, तुम्ही वाटाणे सोलताय. झाल्यावर कागद खिडकीपाशी नेऊन बघितलात. "तुला असं अक्षर कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या बाईंनी, वळण बिघडलं की त्या बोटांवर पट्टी मारायच्या. तुम्ही हसलात. "माझ्याकडे पट्टी नाही. सोमवारपासून ये."

तुमच्या घरी महिन्यातून सात-आठ तरी जेवणं व्हायची. देणगीदार, विश्वस्त, नवीन प्राध्यापक, जुने विद्यार्थी, कधी गावातले दुकानदार. तुमच्याकडे एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात त्या घरात जेवून गेलेल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड. काय जेवला, काय ताटात टाकलं, मुलगी कुठे शिकते, कुणाची बायको वारली आणि कुणापुढे तो विषय काढायचा नाही. पाहुणे येण्याच्या दिवशी दुपारी तुम्ही ती कार्डं बाहेर काढून पत्ते मांडावेत तशी टेबलावर मांडायचात आणि कुणाशेजारी कोण बसेल ते ठरवायचात. मग मी नावाची उभी कार्डं लिहायची. एकदा मी तुम्हाला विचारलं, या कामाचं नाव काय? तुम्ही म्हणालात, "नाव नाही. विद्यापीठाच्या कुठल्याही कागदावर मी नाही. पण मला ताप आला तर जेवण रद्द होतं." त्याआधी तुम्ही नऊ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवत होतात. ते सुटलं तेव्हा वाईट वाटलं का, हे विचारायचं माझ्या मनात होतं. विचारलं नाही. तुम्ही मात्र एकदा कोंबडी साफ करताना तिचं काळीज वर धरून मला त्याचे कप्पे समजावून सांगितलेत. मी शाकाहारी, तोंडावर हात धरून उभी. तेव्हा उत्तर मिळालं असं मी धरून चालले.

समारंभात स्टेजवरून तुमची ओळख करून द्यायची एकच रीत होती, 'आणि त्यांच्या सुंदर पत्नी'. तुम्ही उठून थोडंसं हसून बसायचात. मी मागे उभी राहून बघायची. तुमचे काळे बूट एक नंबर मोठे असायचे, कारण तीन तास उभं राहिलं की पाय सुजतात, हे फक्त मला ठाऊक होतं आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. हा अभिमान लक्षात ठेवावा लागेल. पुढे जे झालं त्यात त्याचा हात आहे.

तुम्ही मला एकदाच रागावलात. सप्टेंबरातलं पहिलं मोठं जेवण. लोक दिवाणखान्यात कॉफी घेत होते आणि मी टेबल आवरत होते. नावाची कार्डं गोळा केली आणि स्वयंपाकघराच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. एका विश्वस्ताची बायको पाणी मागायला आत आली, पाणी पिऊन गेली. ती गेल्याबरोबर तुम्ही डबा उघडलात. वरच, उष्ट्या सॅलडवर, तिचंच नाव. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "माणूस घरात असताना त्याचं नाव कचऱ्यात दिसता कामा नये. तिने पाहिलं असेल तर ती आजचं जेवण विसरेल, हे विसरणार नाही." माझे कान तापले. मी सॉरी म्हणाले, आणखी एकदा म्हणाले. तुम्ही हात धुऊन कार्डं वेचून काढलीत, पुसलीत आणि एका पाकिटात भरून माझ्या हातात दिलीत. तुम्ही इतक्या लहान गोष्टीसाठी का चिडलात, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. आता वाटतं, ती गोष्ट लहान नव्हतीच. तुमची सगळी नोकरी तीच होती.

ऑक्टोबरात तुम्ही कार्डांबद्दल दोन नव्या सूचना दिल्यात. अक्षर मोठं हवं. आणि नाव कार्डाच्या दोन्ही बाजूंना हवं, बसणाऱ्याकडे तोंड केलेलं आणि समोरच्याकडेही. मला वाटलं, पाहुण्यांना एकमेकांची नावं वाचता यावीत म्हणून. दुप्पट काम, पण कल्पना छानच. मग हळूहळू माझ्या बाकीच्या गोष्टी लक्षात यायला लागल्या. दारात पाहुणा आला की प्रेसिडेंटनी हात पुढे करायच्या आत तुम्ही मोठ्याने म्हणायचात, "बघा कोण आलंय!" आणि नाव घ्यायचात, गाव सांगायचात, मुलीचं विचारायचात. त्यांनी फक्त हसून हात हातात घ्यायचा. हे ते फार सुरेख करायचे. माझ्याशी तर इतके प्रेमाने बोलायचे. "तू इंडियात कुठली?" मी म्हणायची, सातारा, डोंगरात वसलेलं गाव आहे. "डोंगर! वा!" पुढच्या आठवड्यात पुन्हा, "तू इंडियात कुठली?" पहिल्यांदा वाटलं, मोठा माणूस, किती लोकांचं लक्षात ठेवणार. एका दुपारी त्यांनी मला तासाभरात तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी मी उत्तर देताना तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही माझ्याकडे.

ते वर गेल्यावर तुम्ही सफरचंदं कापायला घेतलीत. मीही समोर सुरी घेऊन बसले. तुम्ही मान वर न करता बोललात. डॉक्टरांनी उन्हाळ्यात सांगितलं. सह्या तुम्ही वाचल्याशिवाय होत नाहीत, मोठे निर्णय उपप्रमुख आणि इतर लोक घेतात. मे महिन्यात पदवीदान झालं की त्याच स्टेजवरून ते स्वतः निवृत्ती जाहीर करतील. "त्याला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचंय. सांगता येईल तोवर. मेपर्यंत, एवढंच." मग सुरी खाली ठेवलीत. "तोपर्यंत हे या स्वयंपाकघरात राहील ना?" मी म्हटलं, येस. तुम्ही विचारलंत, "मी काय म्हणाले ते कळलं ना तुला?" माझी खोड तुम्हाला माहीत होती, न कळताही येस म्हणण्याची. मी म्हटलं, कळलं. आणि खरंच कळलं होतं. भाषेची अडचण हे कारण मला आजही देता येत नाही.

आता तो रविवार. दर रविवारी दुपारी मी गणिताच्या एका प्राध्यापकांकडे जेवायला जायचे. गावात मराठी घर तेवढंच. काका पुण्याचे, पंधरा वर्षं तिथे शिकवत होते, सिनेटवर होते. काकू सांगलीच्या. आठवडाभर इंग्रजीत जपून बोलून माझा जबडा दुखायचा आणि त्यांच्या दारात बूट काढले की तो सैल व्हायचा. नोव्हेंबरातला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधीचा रविवार होता. वरणाला लसणाची फोडणी बसली होती, त्याचा वास बाहेर गाडीपर्यंत.

"या!" काका म्हणाले. "राजवाड्यातून सुट्टी मिळाली वाटतं. काय म्हणतायत आमच्या प्रेसिडेंटीणबाई?"

"अहो, तिला आधी आत तर येऊ द्या," काकू म्हणाल्या. "बस गं. पोळी गरम आहे तोवर खा."

काकांनी भात कालवता कालवता विचारलं, "काय गं, म्हातारबुवांचं बरं चाललंय ना? परवा मीटिंगमध्ये मला म्हणाले, तुमचं केमिस्ट्री काय म्हणतंय. एकदा म्हणाले, मी हसलो. पुन्हा म्हणाले."

"तुमचा चेहराच आहे केमिस्ट्रीसारखा," काकू म्हणाल्या. "सतत काहीतरी नासल्यासारखा."

आम्ही तिघेही हसलो. मग काकू माझ्याकडे वळल्या. "पण काही म्हण, तुझ्या बाई जरा आगाऊच आहेत हं. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत यांचं सुरू. त्या दिवशी टी पार्टीला बघितलं ना मी. त्यांना बिचाऱ्यांना बोलूच देत नाहीत. सगळ्या म्हणत होत्या."

"सगळ्या म्हणजे कोण?" मी विचारलं.

"अगं, सगळ्याच. प्रेसिडेंट कोण तेच कळत नाही, म्हणे."

मला तुमच्या बाजूने राग आला. तुम्ही आगाऊ नव्हता. तुम्ही आगाऊपणाचा शिक्का मुद्दाम स्वतःवर घेत होता, म्हणजे लोकांचं लक्ष तुमच्याकडे जाईल, त्यांच्याकडे जाणार नाही. हे मला दिसत होतं आणि या दोघांना दिसत नव्हतं. मी पाण्याचा घोट घेतला. म्हटलं, "काका, कुणाला सांगणार नसाल तर सांगते."

"अगं, मी कुणाला सांगणार? इथे मराठी कळतं कुणाला?"

हे उत्तर किती विचित्र होतं ते मला त्या क्षणी जाणवलंच नाही. मलाही अगदी तसंच वाटत होतं. मराठीत बोललं की ते त्या टेबलाबाहेर जातच नाही, बंद डब्यात ठेवल्यासारखं. काका सोमवारी इंग्रजीत जातात, इंग्रजीत मीटिंगला बसतात, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. आणि मी सांगितलं. डॉक्टर, मे महिना, निवृत्ती. आणि सगळ्यात रंगवून सांगितली ती कार्डं. दोन्ही बाजूंनी नाव, म्हणजे समोर बसलेल्या त्यांना वाचता यावं. "एवढं कुणाला सुचेल का, काकू?" मी म्हणाले. काकूंनी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली. "बाई गं," त्या म्हणाल्या. "आणि मी काय काय बोलले." काकांनी ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाले, "पण सह्या कोण करतंय? लोकांच्या नोकऱ्या आहेत इथे." मी म्हटलं, त्या वाचतात सगळं. ते म्हणाले, "त्या कोण वाचणार? त्यांना कुणी नेमलंय?"

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी तो इतकी वर्षं उलटून पालटून बघतेय. आज माझ्या ऑफिसात असा प्रमुख असता आणि त्याच्या बायकोने त्याचे कागद वाचून सही कुठे करायची ते दाखवलं असतं, तर मी काय म्हणाले असते? मला धक्का बसला असता. तेव्हा तुम्ही केलंत ते सगळं बरोबरच होतं असं मी म्हणत नाही. तुम्हीही म्हणाला नसतात. एकदा कपाट लावताना तुम्ही स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "मे जरा लवकर यायला हवा होता." मी जर नीट विचार करून, हे चुकीचं चाललंय असं ठरवून, तुम्हाला सांगून कुणाकडे गेले असते, तर गोष्ट निराळी होती. मी तसं काही केलं नाही. मी पोळीभाजी खात बोलले. तुमची बाजू घेतेय असं स्वतःला सांगत बोलले, आणि ते खोटंही नव्हतं. पण दोघे माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते तेव्हा मला काय वाटलं ते मला नीट आठवतं. फार बरं वाटलं. तीन महिन्यांपूर्वी आलेली मुलगी, आणि प्रोफेसरांना माहीत नाही ते हिला माहीत.

जानेवारीच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी, सगळ्यांना मेल आला. प्रकृतीच्या कारणास्तव प्रेसिडेंट तातडीने रजेवर जात आहेत, विश्वस्तांचं बोर्ड त्यांच्या सेवेबद्दल ऋणी आहे. चार ओळी. सही त्यांची नव्हती. मी वर्ग सोडून तुमच्याकडे धावत आले. बर्फावरून एकदा पडले. तुम्ही स्वयंपाकघरात त्याच टेबलाशी बसला होता, पुढ्यात चहा गार झालेला. "कुणीतरी बोर्डाला सांगितलं," तुम्ही म्हणालात. "त्यांनी विचारलं, मग त्याला तपासणीला पाठवलं. खोटं तर नव्हतं काही." मी उभीच होते. माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तुम्ही उठलात, कापसाने ते पुसलंत, पट्टी लावलीत. तो क्षण होता. तुमचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं आणि मला तुमचा पांढरा भांग दिसत होता. तोंडातून दोन शब्द निघायला हवे होते. मी विचारलं, "सर कुठे आहेत?" तुम्ही म्हणालात, "वर. भाषण लिहितोय, मे महिन्याचं. मी अजून सांगितलं नाही त्याला की ते लागणार नाही."

घर महिन्याभरात सोडायचं होतं. त्या घरातलं तुमचं असं किती कमी होतं, ते बांधाबांध करताना कळलं. चांदीचे काटेचमचे विद्यापीठाचे, गालिचे विद्यापीठाचे, सफरचंदाच्या केकचं भांडं मात्र तुमचं. कार्डांची पेटी नव्या लोकांना द्यायची का, असं ऑफिसच्या माणसाने विचारलं. तुम्ही म्हणालात, नाही, माणसांबद्दलचं असं मागे ठेवून जायचं नसतं. लायब्ररीत कागद फाडायचं मशीन होतं, तिथे उभं राहून तुम्ही एकेक कार्ड आत घातलंत. मी शेजारी उभी राहून पेटीतून काढून देत होते. एका कार्डाशी तुम्ही थांबलात आणि ते माझ्या हातात दिलंत. "हे तुझंच आहे."

माझं कार्ड असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. ते अजून माझ्याकडे आहे. तुमच्या बारीक अक्षरात लिहिलंय: मांस-मासे नाहीत, केकमधलं अंडं चालतं पण आठवण करून देऊ नये. आईच्या गुडघ्याचं विचारावं. कळलं नाही तरी येस म्हणते, पुन्हा एकदा सांगावं. आणि शेवटची ओळ: रविवारी दुपारी कधीही बोलावू नये, गणिताच्या प्राध्यापकांकडे जाते, तिथे तिला तिच्या भाषेत मनमोकळं बोलता येतं. ही ओळ तुम्ही ऑक्टोबरात लिहिलेली होती, पुढे तारीख होती. मी ती वाचली आणि मान वर केली. तुम्ही मशीनमध्ये पुढचं कार्ड घालत होता. तुम्ही दोन आणि दोन चार केले होते का, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तुमचा चेहरा अकरा वर्षं लोकांना काही न कळू देण्यातच तयार झाला होता. मी थँक यू म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी काकूंकडे गेले. काकू म्हणाल्या, "वाईट झालं गं फार." काका वर्तमानपत्राची घडी घालत होते. म्हणाले, "एका अर्थी बरं झालं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं." कुणीतरी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. भाजी वाढून घेतली.

मे महिन्यात हिरवळीवर पदवीदान झालं. मी खुर्च्या मांडायला होते. तुम्ही त्यांना घेऊन आलात, पण स्टेजवर नाही, अगदी मागच्या रांगेत. लोक येऊन भेटून जात होते आणि प्रत्येक वेळी तुम्ही आधी उठून नाव घेत होता. आता त्याची गरज नव्हती, आता सगळ्यांना माहीत होतं, कुणी रागावलं नसतं. तरी तुम्ही घेत होता. मुलांची नावं वाचली जाऊ लागली तसं ते प्रत्येक नावाला टाळी वाजवत राहिले, शेवटच्या मुलापर्यंत. त्यांच्या कोटाच्या खिशातून घडी केलेले कागद डोकावत होते. ते भाषण असावं असं मी धरून चालले. खात्री करून घ्यायला मी जवळ गेले नाही.

नंतर तुम्ही त्यांना घेऊन तुमच्या बहिणीच्या गावी गेलात. आपली पत्रं नाताळला व्हायची, चार-पाच ओळींची. ते गेल्याचं तुम्ही कळवलंत. तुम्ही गेल्याचं तुमच्या भाचीने कळवलं. तेव्हा माझी मुलगी दोन महिन्यांची होती आणि मी भाचीला उत्तर लिहायला तीन आठवडे लावले.

आता ती चौदा वर्षांची आहे. टीव्हीवर अमेरिकेचे प्रेसिडेंट कुठे विमानातून उतरताना दाखवतात, मागे एक पायरी सोडून त्यांची बायको. माझ्या नवऱ्याचं भाष्य चालू असतं, हा काय कोट घातलाय, ही बघ हसत नाही, ही बघ फारच हसते. मी तिच्या बुटांकडे बघत असते. मुलगी म्हणते, "आई, व्हाय डू यू ऑलवेज लुक ॲट हर शूज? इट्स सो वियर्ड." मग मी तिला तुमची गोष्ट सांगते. पेटी, कार्डं, दारातली हाक, सगळं. तिला ती गोष्ट आवडते. जानेवारीपर्यंत आलो की ती विचारते, "हू टोल्ड देम?" आणि मी म्हणते, कुणीतरी सांगितलं. माझा नवरा नागपूरचा, स्पष्ट बोलणारा माणूस, लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यालाही कुणीतरीच माहीत आहे.

काका आता ब्याऐंशीचे आहेत. टेक्ससमध्ये अर्विंगला मुलाकडे राहतात. दर दिवाळीला मी त्यांना फोन करते. यंदाही केला. "काय गं, राजवाडा कसा आहे?" अजून तसंच विचारतात. काकूंना आता ऐकू कमी येतं, त्या मागून ओरडतात, "चकल्या झाल्या का, विचारा तिला." काकांची स्मरणशक्ती उत्तम आहे, मला तारीखवार सगळं सांगतात. त्यांना विचारणं अगदी सोपं आहे. काका, त्या सोमवारी तुम्ही कुणाशी बोललात का? दर वर्षी ठरवते आणि चकल्यांचं बोलून फोन ठेवते.

इतकी वर्षं मी समजत होते की ते हो म्हणतील याची मला भीती वाटते. काल रात्रीच्या जेवणाची भांडी लावताना मला दुसरंच सुचलं आणि म्हणून आज हे लिहायला बसले. हो मला चालेल. हो ऐकण्याची तयारी मी कधीच केलेली आहे. मला भीती आहे ती ते हसून म्हणतील याची, की छे गं, तुझ्या आधीच सगळ्यांना कळलं होतं, मी कुणाला काय सांगणार? मग मी तुमचा घात केलेला नाही, आणि तुमच्या आयुष्यात मी कुणीच नाही. चांगल्या अक्षराची एक मुलगी, काही महिने येत होती, केकमधलं अंडं तिला चालायचं. तेवढंच असणं मला पुरलं असतं, तर त्या रविवारी मी मुकाट जेवले असते.